अर्धा जिना

दि. ६ एप्रिल, रविवार

चिरंजीव पैलवानास,

थोरल्या भावाचे मनःपूर्वक आशीर्वाद. ते तुझ्याइतकेच माझ्या भावजयीचेही आहेत. तिच्या वाट्याचे तिला मोठ्याने वाचून दाखव, स्वतःच्या खिशात घालू नकोस. येथे आम्ही उभयता ईश्वरकृपेने सुखरूप आहोत. तुझ्या वहिनीचा डावा खांदा मधूनमधून कुरकुरतो, परंतु तिची वाणी पूर्ववत सशक्त असल्यामुळे घराचा समतोल ढळलेला नाही.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. प्रथम अक्षर पाहिले. रुग्णालयातून घरी गेल्यावर तू जी चिठ्ठी पाठवली होतीस, तिच्यातली अक्षरे वाट चुकलेल्या मुंग्यांसारखी कागदभर फिरत होती. आता ती तुझ्या शाळेतल्या कवायतीच्या मुलांप्रमाणे ओळीत उभी आहेत. हातातली शक्ती परत येत आहे, हे निश्चित.

मजकूर मात्र दोनदा वाचावा लागला. आयुष्यभर माझ्या एकाही प्रवचनात शेवटपर्यंत जागा न राहिलेला तू, आता सकाळ-संध्याकाळ खिडकीपाशी खुर्चीत बसून नामस्मरण करतोस. मी दिलेल्या ग्रंथाचे वाचन तुझे पुरे झाले, आणि मोठ्या टायपातली प्रत तुला हवी आहे! वाचता वाचता माझे डोळे पाणावले, हे लपवीत नाही. पण त्याच पानाच्या तळाशी, दूधवाला आज उशिरा आला हे सांगावे इतक्या सहजपणे तू लिहिले आहेस, की लोखंडी डंबेल्स भंगारवाल्याला देऊन टाकले, "आता त्यांचं काय काम?" तेथे ते पाणी जागच्या जागी आटले.

अरे, त्या डंबेल्सना आई तुझी जुळी मुले म्हणत असे. त्यांपैकी एक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला होता आणि तो अंगठा अजूनही किंचित ईशान्येकडे पाहतो. त्यांना घराबाहेर काढण्याचा अधिकार निदान माझ्या अंगठ्याला विचारून तरी बजावायचा होतास.

शिवाय मला आणखी काही समजले आहे. कोणाकडून, ते विचारू नकोस, आणि हे वाचून भावजयीकडे डोळे वटारून पाहू नकोस. डॉक्टरांनी तुला रोज चालायला सांगितले आहे. आधी घरात, मग हळूहळू जिना उतरून रस्त्यावर. हे चालणे गोळ्यांइतकेच औषध आहे, हृदयाचा दुखावलेला स्नायू त्यानेच पुन्हा कामाला लागेल, आणि तू असाच बसून राहिलास तर तोही तुझ्याबरोबर कायमचा बसेल, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावले आहे. आणि तू? तीन मजले चढवून तुला ज्या खुर्चीत आणून बसवले, त्या खुर्चीतून तू अद्याप दाराबाहेर पाऊल टाकलेले नाहीस. तुझी शिट्टी खिळ्याला टांगलेली आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे. शाळेचे पटांगण ज्या शिट्टीने चाळीस वर्षे थरकापत होते, ती शिट्टी!

आता तू म्हणशील, हे मला सांगणारा कोण? ग्रंथाचे पान उलटण्यापलीकडे ज्याने जन्मात श्रम केले नाहीत, तो? म्हणूनच एक बातमी आजवर राखून ठेवली होती ती सांगतो. खुर्ची घट्ट धर.

मी व्यायाम करतो.

रोज. गेले काही महिने. हसून झाले असेल तर पुढे वाच.

डॉक्टरांनी मला येथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण मुलीच्या हवाली केले. तिचे मी मनातल्या मनात कवायतबाई असे नामकरण केले आहे. पहिल्याच दिवशी तिने मला हात नसलेल्या खुर्चीवर बसवले आणि म्हणाली, "आजोबा, हात न टेकता उठायचं आणि परत बसायचं. दहा वेळा. मोजा."

मी म्हणालो, "बाई, मला आकडे मोजण्याची सवय नाही."

"मग तुम्ही काय मोजता?"

"मात्रा."

"बरं, मात्रा मोजा. पण उठा."

तेव्हा मी एक स्तोत्र आरंभिले. एका चरणाला उठायचे, दुसऱ्या चरणाला बसायचे. योजना उत्तम होती. दोष एवढाच, की स्तोत्र हाती घेतल्यावर ते मध्येच टाकून देणे मला जन्मात जमलेले नाही, आणि मी निवडलेले स्तोत्र दीर्घ होते. कवायतबाई दुसऱ्या एका गृहस्थांच्या खांद्याकडे वळली होती. ती परत आली तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि फलश्रुती अजून शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. तुझ्या वहिनीने मला पलंगावरून दोन्ही हातांनी ओढून उभे केले आणि म्हणाली, "अहो, देवाला अर्धं स्तोत्र चाललं असतं. मला अख्खा नवरा उचलणं झेपत नाही." कवायतबाईचा सल्ला अधिक संक्षिप्त होता: "आजोबा, लहान स्तोत्र निवडा."

तेव्हापासून माझी शिस्त बसली आहे. आणि तुला सांगतो, आपले पूर्वसूरी चालण्याच्या बाबतीत किती दक्ष होते, हे मला या वयात उमगले. त्यांनी वृत्तांना नावेच मुळी चालींची दिली. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा मी मंदाक्रांतेत निघतो: चार गुरू, चार धीमी पावले. अडचण पुढे येते, कारण त्यानंतर लागोपाठ पाच लघू आहेत आणि तेथे मला पाच पावले भराभर टाकावी लागतात. बागेत येणारी मंडळी प्रथम वाटेतून बाजूला होत असत. आता सरावली आहेत. अंग मोकळे झाले की भुजंगप्रयात. लगागा, लगागा, लगागा, लगागा. दर अक्षरास एक पाऊल. तीन अक्षरांचा गण असल्यामुळे त्याचा आरंभ एकदा डाव्या पायाने होतो, एकदा उजव्या. म्हणजे कोणत्याही गुडघ्यावर अन्याय नाही. आणि जिन्यासाठी शिखरिणी. सहा अक्षरांवर यती असल्यामुळे सहा पायऱ्या चढून किंचित थांबण्यास शास्त्राचीच अनुज्ञा आहे. (दवाखान्यातल्या चालत्या पट्ट्यावर मात्र मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ते यंत्र छंदोहीन आहे.)

परिणाम ऐक. रात्री पाठ टेकताच झोप येते; पूर्वी मी कड बदलत राही आणि तुझी वहिनी उसासे मोजत राही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्ध्यावर आणली. पोटाची तक्रार नाही. जमिनीवर बसलो तर टेबलाचा पाय न धरता उठतो. प्रवचनात लांबलचक सामासिक शब्द आला की पूर्वी मध्येच हवा संपे आणि श्रोत्यांना वाटे की मी सद्गदित झालो. आता एका श्वासात पैलतीर गाठतो. आणि मनावरचे मळभ, जे म्हातारपणाचे म्हणून मी निमूटपणे स्वीकारले होते, ते बरेचसे केवळ बसून राहण्याचे होते, असे दिसते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला विचार. परवा विजार कमरेत आत घ्यायला नेली तर चष्म्यावरून पाहत म्हणाला, "गुरुजी, उपास धरलेत की काय?" मी म्हणालो, "नाही, वृत्ते धरली आहेत." तो म्हणाला, "काहीही धरा, पण एकदाच काय ते बारीक व्हा. दर महिन्याला टाके उसवायला मला वेळ नाही."

मी हे सारे का आरंभिले, असे तू विचारशील. डॉक्टर मागे लागले, एवढेच. (तुझी वहिनी खांद्यावरून हे वाक्य वाचून हसली. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

त्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यावर मी केलेल्या जपाविषयी तू जे लिहिले आहेस, ते वाचून मला फार संकोच झाला. तो विषय सध्या राहू दे.

मोठ्या टायपातली प्रत पाठवतो, परंतु एका अटीवर: ती चालत जाऊन तू स्वतः टपालपेटीतून काढायची. पेटी खाली, जिन्याच्या तोंडाशी आहे. उत्तर लवकर दे.

तुझे कुशल चिंतणारा,
दादा

*

दि. २० एप्रिल, रविवार

प्रिय पैलवानास,

आशीर्वाद. प्रत तुला मिळाल्याचे कळले. ती टपालपेटीतून भावजयीने काढून आणली, हेही तू प्रामाणिकपणे लिहिले आहेस, त्याबद्दल तुझे अर्धे अभिनंदन.

तुझे उत्तर छोटे आहे, पण ते मी आठवडाभर छातीशी घेऊन हिंडत आहे. त्यातली वाक्ये तुझ्याच शब्दांत येथे उतरवतो, म्हणजे पुढचे मी कशाला उत्तर म्हणून लिहीत आहे हे तुलाही स्पष्ट राहील. "दादा, चाळीस वर्षं जोर काढले, बैठका काढल्या, पहाटे धावलो. काय झालं? छातीत कळ आलीच ना? आणि तू जन्मात उठाबशी काढली नाहीस, पण जिन्यावर बसून दोन तास नाम घेतलंस आणि मी परत आलो. आता मी विश्वास कशावर ठेवू? बैठकांवर की तुझ्यावर? तूच म्हणायचास, देह ही भाड्याची खोली. मग मला आता निवांत बसू दे."

यावर मौन बाळगले असते तर मला फार सोयीचे होते. परंतु माझ्या सोयीपायी तू खुर्चीत बसून आहेस, आणि तुझे डॉक्टर म्हणतात की आणखी काही महिने असेच गेले तर पुढे चालायचे म्हटले तरी तुझे हृदय साथ देणार नाही. तेव्हा आता ऐक. हे वाचताना भावजय जवळ असेल तर तिलाही ऐकू दे.

त्या दिवशी मी जप करीत नव्हतो.

फोन आला तेव्हा मी जेवून लवंडलो होतो. तसाच टॅक्सीने आलो. तू चौथ्या मजल्यावर होतास आणि लिफ्टच्या दाराला दुरुस्तीची पाटी लटकत होती. पहिला मजला मी केवळ भीतीच्या बळावर चढलो. दुसऱ्याच्या अलीकडे भीती पुरेना. पाय लटपटू लागले, कानांत समुद्र वाजू लागला, आणि मी कठडा धरून पायरीवर बसलो. डोळे मिटले ते भक्तीने नव्हे, जिना गरगर फिरत होता म्हणून. उजवा हात छातीवर होता तो काळीज पळून जाऊ नये म्हणून. ओठ हलत होते ते हवा शोधीत होते.

आणि माझा हा पांढऱ्या दाढीमिशांचा अवतार! वरून एक परिचारिका उतरत होती. ती मला पाहून थबकली आणि मागच्या माणसांना म्हणाली, "श्श! बाबा जप करतायत. बाजूनं जा." माणसे पाय न वाजवता जाऊ लागली. एका बाईंनी हातातला डबा खाली ठेवून मला नमस्कार केला. एक गृहस्थ माझ्या खालच्या पायरीवर डोळे मिटून बसले. त्यांना पाहून आणखी दोघे बसले. मी एका डोळ्याने हे पाहत होतो आणि मला सांगायचे होते की बाबांनो, कोणी पाणी आणा. ते कोणी आणले नाही, कारण जप करणाऱ्यास पाणी विचारून त्याची समाधी मोडण्याइतके ते लोक असंस्कृत नव्हते.

मग भावजय आली. रडून तिचे डोळे सुजले होते. मला पाहताच तिने हात जोडले. "दादा, तुम्ही उठू नका. तुमचं चालू द्या. मी वर जाऊन सांगते यांना." मला म्हणायचे होते, "अगं, मला वर ने." परंतु त्या चार शब्दांना लागेल इतका वारा माझ्यापाशी नव्हता. ती गेली आणि तिने तुला सांगितले. जो निरोप तुझ्या कानी पडला, त्याचे मूळ हे असे आहे.

खरा प्रकार ओळखला तो एकट्या डॉक्टरांनी. संध्याकाळी ते जिन्याने उतरत होते. माझ्याजवळ वाकले, मनगटावर बोटे ठेवली आणि हळूच म्हणाले, "हा जप नाहीये, आजोबा." मी मान हलवली. मग ते शेजारी पायरीवरच बसले आणि म्हणाले, "तुमच्या भावाचा धोका टळलाय. रोजच्या व्यायामाची सवय होती ना त्यांना? तीच कामी आली. एवढा झटका त्यांच्या वयाच्या दुसऱ्या कुणाला झेपला नसता." आणि माझ्याकडे आपादमस्तक पाहून: "आणि तुम्ही? आयुष्यात कधी चाललायत का?"

म्हणजे डॉक्टर मागे लागले हे मी तुला लिहिले, ते खरे आहे. का मागे लागले, तेवढे गाळले.

जवळ असूनही त्या दिवशी मी तुला पाहू शकलो नाही. तू वर मृत्यूशी झुंजत होतास आणि तुझा थोरला भाऊ दोन मजले खाली लोकांचे नमस्कार घेत बसला होता. पुढे लिफ्ट सुरू झाल्यावर मी तुझ्या खाटेपाशी आलो तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, "दादा, तुझ्या नामानं वाचवलं." त्याच क्षणी मी बोलायला हवे होते. पण तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि खरे सांगायचे तर, कौतुक मलाही गोड लागले. आणखी एक सल होती. तुला बैठकांनी वाचवले असे मान्य केले तर माझ्या जन्मभराच्या अध्ययनाचे काय राहिले?

या प्रश्नाचे उत्तर मला बागेत चालताना सापडले. मी प्रार्थना केलीच नाही असे नाही. पायरीवर बसलो असताना प्रत्येक श्वासाबरोबर एक नाम येत होते. अधिकाला हवा नव्हती म्हणून एकच. ते नाम तुझ्यासाठी होते. परंतु देवाला माझ्या दमलेल्या श्वासाची वाट पाहत बसण्याचे कारण नव्हते. त्याने त्या प्रार्थनेचे उत्तर चाळीस वर्षे आधीपासून, रोज पहाटे, तुझ्या घामाच्या रूपाने देऊन ठेवले होते. तू जे काढीत होतास त्याला तू बैठका म्हणत होतास, एवढाच फरक. कळ आली, हे बैठकांचे अपयश नव्हे. कळ येऊनही तू मला पत्र लिहितो आहेस, हे त्यांचे यश आहे.

आणि भाड्याच्या खोलीविषयी. म्हणालो असेन. परंतु भाड्याची खोलीही झाडावी लागते, आणि घरमालक कोण आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने ती अधिकच झाडावी.

नाम सोडू नकोस. ते तुला लागले, याचा मला तुझ्या बरे होण्याइतकाच आनंद आहे. फक्त ते घेऊन चाल. ते खुर्चीला बांधलेले नसते.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी तुझ्याकडे येत आहे. एकटा. तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही, हे मी विसरलेलो नाही; किंबहुना म्हणूनच येत आहे. तुझे घर तिसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर एक गोल खिडकी आहे आणि तिच्याखाली तुमच्या शेजारीणबाई कोरफडीच्या कुंड्या ठेवतात. मी तेथपर्यंत चढेन. त्यापुढे एक पायरीही चढणार नाही. अर्धा जिना माझा, अर्धा तुझा.

तू आला नाहीस तर मी कुंड्यांपाशी बसून राहीन. आणि या वेळी कोणी मला नमस्कार करू लागले, तर मी त्यांना स्पष्ट सांगेन की हा जप नाही. माझा भाऊ वर रुसून बसला आहे.

तुला भेटण्यासाठी एकदा कमी पडलेला,
दादा

*

दि. २९ एप्रिल, मंगळवार

माझ्या पैलवाना,

सुखरूप पोहोचलो. तुझ्या वहिनीने दारातच विचारले, "आला का खाली?" मी उत्तर न देता आधी पाणी मागितले, तर म्हणाली, "म्हणजे आला. नाहीतर पाणी नसतं मागितलंत, पुस्तक मागितलं असतं."

घडलेले सारे तुला ठाऊक आहे, परंतु कुंड्यांपासून खालची बाजू तू पाहिलेली नाहीस, म्हणून लिहितो. बस उशिरा आली. तू वाट पाहून परत खुर्चीत बसशील या धास्तीने मी शिखरिणी सोडली आणि जिना भुजंगप्रयातात चढू लागलो. यतीचा अव्हेर केल्याची शिक्षा तत्काळ मिळाली. गोल खिडकीपाशी पोहोचलो तो दम लागलेला, हात छातीवर, डोळे मिटलेले. फरक इतकाच, की या वेळी जिना फिरत नव्हता आणि पाय माझेच होते. तेवढ्यात झारी घेऊन तुमच्या शेजारीणबाई आल्या. त्यांनी मला पाहिले, झारी खाली ठेवली आणि हात जोडले. मी त्यांना ठरल्याप्रमाणे खुलासा देणार होतो, पण पुन्हा शब्दांपुरता वारा नव्हता.

मग वरून शिट्टी वाजली.

एकच, आखूड, धुळीने थोडी घोगरी. पाठोपाठ चपलांचा आवाज. तो थांबे, तेव्हा माझा श्वास थांबे. कठड्यावरून तुझा हात सरकत येताना ऐकू येत होता. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते आणि तू अर्ध्यातून परत फिरला असतास, तर ते मला पाहायचे नव्हते.

आणि मग अगदी कानाशी तुझा आवाज: "दादा, जप की दम?"

त्यावर शेजारीणबाई तुला म्हणाल्या, "श्श!"

त्यानंतर आपण जे हसलो, त्याने दोघांचीही उरलीसुरली हवा संपली, हे तुला आठवत असेल. कुंडीच्या कडेवर बसून हसणारे दोन म्हातारे पाहून त्या बाई झारी तशीच टाकून वर निघून गेल्या. त्यांची माझ्यावतीने समजूत काढ.

पुढे रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो, त्याचा मी घरी यथास्थित बडेजाव केला आहे. तू मला सबंध वाट "टाच आधी, दादा, टाच आधी" म्हणून ओरडत होतास, तेवढे मात्र गाळले. भावजयीने भंगारवाल्याला खालूनच परतवून डंबेल्स धान्याच्या डब्यामागे लपवले होते, हे ऐकून तुझी वहिनी म्हणाली, की त्या घरात एक तरी माणूस शहाणे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नकोस. चालणे मात्र सोडू नकोस. पुढच्या वेळी मी वरपर्यंत येईन. तू खालपर्यंत उतरून मला घ्यायला ये, म्हणजे पुरा जिना दोघांचा होईल.

राहिला तुझा प्रश्न. तेव्हा मला बोलता येत नव्हते आणि नंतर हसण्यात ते राहून गेले. तू पायरीपायरीने उतरत होतास आणि प्रत्येक पायरीला माझ्या तोंडी एक नाम होते, हे तुला सांगायचे होते. म्हणून लेखी उत्तर देतो.

दोन्ही.

तुझा, दीड मजल्यावरचा,
दादा